तिरडीची तालीम

मास्तर गेले तेव्हा देवमाणूस गेला असं गावात कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. ते तोंडाळ होते, हट्टी होते, आणि दुसऱ्याच्या चहावरची साय न विचारता चमच्यानं उचलून खायचे. त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय म्हणून त्यांना चांगलं करून सांगणार नाही. सांगितलं तर तेच वरून शिवी देतील.

मी लिहिणाऱ्यातला नाही. शाळा दुसरीपर्यंत, पुढं सायकलींची पंक्चरं. पण घरची गेल्यापासून दिवस सरत नाही. मास्तरांना ओळखणारी माणसं एकेक करून गेली, शेवटी आम्ही नवरा-बायकोच उरलो होतो. ती भाकरी थापता थापता मधेच हसायची. मी विचारायचो, "काय झालं गं?" ती म्हणायची, "मास्तर आठवले." मग मीही हसायचो. आता मी एकटा हसलो तर सून आतून विचारते, "मामा, काय झालं? पाणी देऊ का?" तिला काय सांगू? म्हणून कागद घेतला.

मास्तर मूळचे तुळजापूरचे, ब्राह्मणाघरचे. भाऊबंद तिथं पूजाअर्चा करायचे. यांनी मास्तरकी धरली आणि आमच्या येरमाळ्यात येऊन राहिले. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "पोरं शाळेत पोटभर आहेत. सांजच्याला आपापल्या घरी जातात. यापेक्षा सुखाचा संसार कुणाचा आहे सांगा." निजामाच्या वेळी ते उर्दूतून हिशोब आणि इतिहास शिकवायचे. मग निजाम गेला, शाळेत मराठी आली, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. मास्तर म्हणायचे, "एकाच खुर्चीत बसून मी तीन राज्यांत नोकरी केली. खुर्चीचा पाय मोडका होता, तो एकाही सरकारनं बसवून दिला नाही." मराठी आली तरी तोंडातली उर्दू काही गेली नाही. पोरगं चुकलं की 'कमबख्त' आणि बरोबर आलं की 'शाबास कमबख्त'.

रिटायर झाले, शाळा सुटली, पण हजेरी सुटली नाही. माझ्या दुकानाशेजारी, एसटी थांबते तिथं, एक चहाचं हॉटेल होतं. मास्तर सकाळी तिथल्या बाकावर बसून रोजच्या गिऱ्हाइकांची हजेरी घ्यायचे. नाव पुकारलं की 'हाजिर' म्हणायचं. नाही म्हटलं तर चहा थांबायचा. हॉटेलवाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला, तो मुकाट थांबवायचा. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले उतरले की त्यांचीही नावं विचारून घ्यायचे. त्यांना वाटायचं हा कुणी सरकारी माणूस आहे. तेही बिचारे उभं राहून 'हाजिर' म्हणायचे आणि घाईनं चहा पिऊन निघून जायचे.

माझा डावा पाय आखूड आहे. लहानपणी ताप आला, आणि गेला तो पाय घेऊन गेला. गाव मला लंगड्या म्हणायचं. जे तोंडावर म्हणत नसत ते पाठीमागं म्हणत. मास्तर पहिल्यांदा दुकानात आले ते माझ्या पायाकडं टक लावून बघत राहिले. इतर माणसं बघून न बघितल्यासारखं करतात, तसं नाही.

"जन्मापासून?"

"न्हाई. तापानं."

"इतिहासात एक लंगडा बादशहा होऊन गेला. अर्धी दुनिया जिंकली त्यानं. तू निदान पंक्चर तरी नीट काढ."

तेव्हापासून मी बादशहा झालो. रस्त्याच्या त्या टोकाकडून ओरडायचे, "ए बादशहा!" मला लई राग यायचा. घरची मात्र म्हणाली, "लंगड्यापरीस बादशा बरं की. मंग म्या कोन, रानी?" आमचं लग्न नवंच होतं तेव्हा.

मग मास्तरांना घास अडकायला लागला. आधी भाकरी अडकायची, पुढं भातही अडकायला लागला. सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं जाऊन आले आणि एसटीतून उतरले ते सरळ हॉटेलात. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी बाकावर बसून सगळ्यांची हजेरी घेतली, शेवटी स्वतःचं नाव पुकारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "फिलहाल हाजिर."

मग म्हणाले, "माझी बदली झाली. घशात कॅन्सरची गाठ आहे. डॉक्टर म्हणाला, पुढचा उन्हाळा काही लागायचा नाही तुम्हाला."

हॉटेलवाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली. एक म्हातारा म्हणाला, "असं वंगाळ बोलू नगा मास्तर. आपली देवी येडाई बरं करंल."

"तिला मधे घालू नका," मास्तर म्हणाले. "बदलीचा हुकूम वरून निघाला की तहसीलदारसुद्धा थांबवू शकत नाही. जाऊन रुजू व्हायचं, बस्स. पण चार्ज दिल्याशिवाय मी हलणार नाही."

मास्तराची बदली झाली की जाताना नव्या मास्तराला खुर्च्या, नकाशे, घंटा, सगळं ताब्यात देऊन जायचं असतं. त्याला चार्ज देणं म्हणतात. मास्तरांनी मरणाचंही तसंच केलं. गावभर फिरून ज्याला त्याला चार्ज देत सुटले. दारातल्या लिंबाला पाणी घालायचं काम पोस्टाच्या शिपायाला, मांजर शेजारणीला, सकाळची हजेरी हॉटेलवाल्याला. तो म्हणाला, "माझं कोन ऐकतंय मास्तर?" तर म्हणाले, "चहा तुझ्या हातात आहे, झक मारत ऐकतील." आणि मला त्यांनी भांडण दिलं.

खरंच भांडण दिलं. गावात एक जोशीबुवा होते. मास्तरांच्याच जातीतले, लई सोवळ्यातले. ते कधीतरी म्हणाले होते की उर्दू शिकवून मास्तरांची जीभ बाटली आहे. तेव्हापासून बुवा समोर दिसले की मास्तर भर रस्त्यात, मोठ्यानं, उर्दूत त्यांची तब्येत विचारायचे.

"हे भांडण माझ्यामागं वाया जाता कामा नये," मास्तर मला म्हणाले. "ते तुझ्या चार्जात."

"मला उर्दू कुठं येतीया?"

"लंबीचौडी नको. एवढंच म्हणायचं, मिजाज कैसे हैं?"

मग बुवा दिसले की मी हातातला पंप खाली ठेवायचो आणि हाक मारायचो, "जोशीबुवा, मिजाज कैसे हैं?" बुवा धोतर सावरत लांबून निघून जायचे. मास्तर हॉटेलात बसून मान डोलवायचे.

एक दिवस सकाळीच दुकानात आले आणि म्हणाले, "मला सायकल शिकव."

"आता? ह्या वयात? कशापायी?"

"मेल्यावर शिकता येत नाही म्हणून."

दुकानापुढं शिकवायला घेतलं तर एसटीतली माणसंसुद्धा खिडकीतून मान काढून हसायला लागली. मास्तर चिडले. म्हणाले, "जिथं कुणी येत नाही असा रस्ता सांग." असा रस्ता गावात एकच होता, मसणवाट्याचा. गावाबाहेर विसाव्याचा ओटा आहे. मयत नेताना तिरडी तिथं टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि मग पुढं जातात. ओट्यापासून पुढं वाट टेकडीच्या कडेकडेनं जाते, एका बाजूला टेकडी आणि एका बाजूला ओढा. मेल्याशिवाय तिकडं कोण जातंय? आम्ही रोज जायला लागलो.

मास्तरांनी धोतराचा काचा मारलेला, मी सीट धरून लंगडत पळतोय, आणि सायकल माझ्याहून जुनी. पडले की शिव्या मला. "धरता येत नाही तर दुकान कशाला मांडलंस?" मी म्हणायचो, "म्या धरलंय की, तुमी हँडल सोडता." एक दिवस मी हळूच सीट सोडली आणि ते एकटेच गेले. पुढं चांगले गेले. "बादशहा! बादशहा!" असं ओरडत गेले आणि ब्रेक कुठं असतो हे विसरून घाणेरीच्या झुडपात घुसले. बाहेर काढलं तर हातपाय खरचटलेले, आणि तोंड असं, जसं काही दुसऱ्या लग्नाला उभे आहेत. पहिलं झालेलं नव्हतं, तरी.

त्याच दिवशी परत येताना मी सायकल ढकलत पुढं चाललो होतो, मास्तर मागं. एकदम ओरडले, "थांब! आता चाल. पुन्हा चाल. अरे कमबख्त, तू लंगडत नाहीस!"

मी खाली बघितलं. वाट कलती होती. टेकडीची बाजू उंच, ओढ्याची बाजू खाली. माझा आखूड पाय उंच बाजूला पडत होता आणि धड पाय खालच्या बाजूला, त्यामुळं दोन्ही सारखे होत होते. मी धड माणसासारखा चाललो होतो. रोज जायचो-यायचो, पण सीट धरून पळण्याच्या नादात ध्यानात आलं नव्हतं.

"या गावात जन्मलास, आणि ही वाट तुला माहीत नाही?"

मला सांगावं लागलं. वडील गेले तेव्हा मी चांगला बाप्या झालो होतो. खांदा द्यायला पुढं झालो तर चुलते म्हणाले, "तू राहू दे बाबा. तिरडी डुलंल. मयत खाली आलं तर काय करायचं?" त्यांचं खोटं नव्हतं. मी मागून चाललो. विसाव्यावर खांदेकरी बदलले, कुणीकुणी लांबून येऊन खांदा दिला. मला कुणी हाक मारली नाही. मी ओट्यावर बसून राहिलो. पुढं कुणाच्याही मयताला गेलो तरी तिथंच बसायचो. गावात माणूस चोर असो, दारुडा असो, भावकीतलं मयत निघालं की खांद्याला त्याला बोलावतात. मी तेवढ्याही कामाचा नव्हतो.

मास्तर पायातला काटा काढत ऐकत होते. कीव-बिव काही केली नाही. म्हणाले, "माझ्या मयताला विसाव्यापासून पुढं तू. एक खांदा तुझ्या चार्जात."

"डुलंल, मास्तर."

"या वाटेवर नाही डुलणार. सबंध येरमाळ्यात तुझ्या मापाची ही एकच वाट आहे, आणि ती जाते मसणवाट्याला. तकदीर बघ तुझी."

मी हो म्हणालो नाही. पण घरी येऊन हिला सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज मला वेगळाच वाटला. हिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नंतर म्हणाली, "व्हय म्हना."

मास्तरांचा तालमीशिवाय कशावर विश्वास नव्हता. शाळेत झेंडावंदन असलं तरी आधी तालीम घ्यायचे. त्यांनी हॉटेलवाल्याची शिडी मागितली. हॉटेलवाला आणि त्याची दोन माणसं, आणि चौथा मी. मास्तर म्हणाले, "विसाव्यापासून मसणवाट्यापर्यंत मला शिडीवरून न्यायचं." हॉटेलवाल्यानं शिडी खाली ठेवली.

"मास्तर, तुमी मला लई मारलंय, म्या कवा काय बोललो न्हाई. पर जित्या मानसाला मसनाकडं नेत न्हाईत. ह्ये म्या करनार न्हाई."

ही पण दुकानाच्या मागून पदर खोचून आली. "असलं अभद्र ह्यांच्या हातून करवून घेऊ नगा, मास्तर. आमाला लेकरं व्हायचीत अजून."

मास्तरांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मंजूर. नेऊ नका. मी तिथवर माझ्या पायांनी जातो. तिथून मला परत आणायला तर कुणाची हरकत नाही?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मसणवाट्यातून माणूस परत आणणं यात वाईट काय? उलट चांगलंच. हिनंही खोचलेला पदर सोडला. असं ठरलं.

मास्तर थांबत थांबत चालत गेले. मसणवाट्यात शिडीवर आडवे झाले आणि छातीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायला लावला. म्हणाले, "पाणी सांडलं तर नापास." आम्ही उचललं. मी पुढं डाव्या अंगाला. पहिलं पाऊल मी जपून टाकलं. मग दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. शिडी पाण्यावरून होडी जावी तशी चालली होती. सरपण घेऊन दोन बाया समोरून आल्या. मयत बघून बाजूला झाल्या, हात जोडले. मयतानं मान उचलून विचारलं, "सांडलं का रे?" बाया मोळ्या टाकून पळाल्या.

विसाव्यावर शिडी टेकवली. पेला भरलेला होता. मास्तर ते पाणी घोट घोट करत प्यायले, गिळताना तोंड वाकडं झालं, आणि मला म्हणाले, "शाबास कमबख्त." मी घाम पुसल्यासारखं केलं. घाम नव्हता.

ही गोष्ट तुळजापूरपर्यंत गेली. मास्तरांचा पुतण्या आला. सोवळा, हळू बोलणारा, मास्तरांच्या अगदी उलटा. म्हणाला, "काका, जिवंतपणी शिडीवर बसून मिरवता, आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. घरी चला." मास्तर म्हणाले, "बसलो नव्हतो, झोपलो होतो. आणि माझा चार्ज इथं आहे." तेवढ्यात ही आंबील घेऊन आली. पुतण्यानं मास्तरांना आमच्या घरचा तांब्या तोंडाला लावताना बघितलं. संध्याकाळच्या गाडीनं गेला.

आंबिलीचं सांगायचं राहिलं. मास्तरांना घट्ट काही जाईना तेव्हा ही ज्वारीच्या पिठाची आंबील करायची, पातळ फडक्यातून गाळायची आणि नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी दारातच थबकली. "मास्तर, आमच्या हातचं चालंल का तुमास्नी?" तोवर त्यांचा आवाज जायला लागला होता. कधी शब्द यायचा, कधी नुसती हवा. त्यांनी शाळेची जुनी पाटी जवळ ठेवली होती, तिच्यावर लिहिलं आणि माझ्यापुढं धरली. मी अक्षर अक्षर लावत वाचलं, "गाठ जात विचारत नाही." ही म्हणाली, "मंग प्या गुमान."

त्या पाटीमुळं मला वाचता यायला लागलं. मास्तरांना दम नसायचा. मी अडखळलो की पुसून मोठ्यानं, म्हणजे मोठ्या अक्षरात, 'कमबख्त' लिहायचे. सगळ्यात आधी तोच शब्द मला न अडखळता यायला लागला. हिच्याशी मास्तरांचं पाटीवर भांडण चालायचं, मी मधे वाचायला. त्यांनी लिहायचं, "मीठ कमी." मी वाचायचं. हिनं म्हणायचं, "कालच्याला जादा म्हनालते." त्यांनी लिहायचं, "काल जिवंत होतो." मी ते वाचायचो नाही. ही विचारायची, "काय लिवलंय?" मी म्हणायचो, "बरं झालंय म्हणतात."

दिवाळीत तेरखेड्याहून बाण आणि मोठे फटाके मागवले. घरापुढं खाटेवर बसून मला लावायला लावले. पाटीवर लिहिलं, "नंतर ऐकू येणार नाहीत." प्रत्येक आवाजाला खाटेवर थाप मारायचे. जोशीबुवा रस्त्यानं चालले होते, ते दचकले. मास्तरांनी मला कोपरखळी मारली. मी उठून विचारलं, "जोशीबुवा, मिजाज कैसे हैं?"

थंडी सरत आली तेव्हा गेले. सकाळी ही आंबील घेऊन गेली आणि भरलेला तांब्या घेऊन परत आली. मी दुकानाची फळी लावली.

हॉटेलवाला पहिल्या एसटीनं तुळजापूरला जाऊन निरोप देऊन आला. दुपारपर्यंत पुतण्या आला, बरोबर तिघं भाऊबंद. गावातून जोशीबुवा आले. मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात उभा होतो. तिरडी बांधली. पुतण्यानं पेटत्या गोवऱ्यांचं मडकं हातात घेतलं, त्याला पुढं चालायचं होतं. तिघं भाऊबंद आणि चौथे जोशीबुवा तिरडीपाशी उभे राहिले. मी पुढं झालो. बुवा म्हणाले, "तू कुठं? हे ब्राह्मणाचं मयत आहे. आणि तुला चालता तरी येतं का धड?"

ही बायकांतून पुढं आली. डोक्यावरचा पदर तसाच, पण आवाज पार रस्त्यापर्यंत.

"म्या रोज आंबील गाळून दिली. जात न्हाई गाळून दिली. तवा कुनी आलं न्हाई आडवायला."

पुतण्यानं मान खाली घातली. पण तिरडी उचलली त्या चौघांनीच. मी मागून चाललो, वडलांच्या वेळेसारखा. लंगडताना एकेक पाऊल ऐकू येत होतं. मनात म्हणालो, झालं, ओट्यावर बसायचं.

विसाव्यावर तिरडी टेकवली. जोशीबुवांना चांगलाच दम लागला होता, छाती धरून ओट्यावर बसले. पुतण्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मला हाक मारली.

"सायकलवाले, या. बुवांच्या जागी तुम्ही घ्या."

बुवा दम खात म्हणाले, "अरे पण शास्त्र..."

"त्यांच्या घरचं अन्न काकांच्या पोटात आहे," पुतण्या म्हणाला. "अन्न चालतं आणि खांदा चालत नाही, हे मी घरी कोणत्या तोंडानं सांगू?"

मी बुवांजवळ गेलो. सवयीनं तोंडातून निघालं, "जोशीबुवा, मिजाज कैसे हैं?" हॉटेलवाला मयतात हसला आणि उपरणं तोंडात कोंबून उभा राहिला.

मी पुढं डाव्या अंगाला लागलो. बांबू खांद्यावर आला. उचललं. दोन पावलं टाकली आणि तिरडी नावेसारखी एका अंगाला कलली. पुन्हा टाकलं तर आणखी कलली. मागचे ओरडले, "मान हलतीया! मास्तरांची मान हलतीया!" मास्तर म्हणे, नको नको म्हटल्यासारखी मान हलवत होते. माझा आखूड पाय खाली ओढ्याकडं पडत होता आणि धड पाय वर टेकडीकडं. एरवी लंगडतो त्याच्या दुप्पट लंगडत होतो. बुवा ओट्यावरून ओरडले, "सांगत होतो की नाही!"

मी थांबलो. आणि मग डोक्यात उजेड पडला. आम्ही तालीम परतीची केली होती. जित्या माणसाला तिकडं न्यायचं नाही म्हणून मास्तर गेले पायी आणि आम्ही त्यांना आणलं मागारी. येताना टेकडी डावीकडं होती. जाताना ती उजवीकडं येणार, हे मास्तरांच्या हिशोबात आलं नाही, माझ्याही आलं नाही. मेलेला माणूस परत येत नसतो, तो नुसता जातो, एवढी साधी गोष्ट आम्ही कुणीच ध्यानात घेतली नव्हती.

"सोडा तुम्ही," मागचा भाऊबंद म्हणाला. "दुसरं कुणी घेईल."

मी सोडलं नाही. म्हणालो, "जरा धरा." आणि बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत जागच्या जागी वळलो. तोंड तिरडीकडं, पाठ मसणवाट्याकडं. आता टेकडी माझ्या डाव्या हाताला आली. एक पाऊल मागं टाकलं. सरळ पडलं. दुसरं टाकलं. तिरडी हलली नाही.

"हे काय? उलटं कुणी चालतं का?" बुवा.

पुतण्या मडकं घेऊन पुढं उभा होता. त्यानं वळून बघितलं. "ग्रंथात काय लिहिलंय ते घरी जाऊन बघू, बुवा. आत्ता सरळ चाललंय."

तसं आम्ही मास्तरांना नेलं. मी पाठमोरा. हॉटेलवाला माझ्या मागं चालत रस्ता सांगत होता, "दगड हाय. डावीकडं. आता उतार. हळू." मला वाट दिसत नव्हती. मास्तरांचे पाय माझ्या कानाशी होते आणि पायांच्या पलीकडं त्यांचं नाक दिसत होतं. मान जागच्या जागी होती. मयताला गेलेली माणसं पुढचं बघत चालतात, मी सारी वाट त्यांच्याकडं बघत चाललो. पेला ठेवला असता तरी चाललं असतं.

घरी आलो तर हिनं दारातच पायावर पाणी घातलं. "पडलं-बिडलं न्हाई न्हवं?" मी सगळं सांगितलं, परतीच्या तालमीचं. ती आधी ऐकत राहिली, मग पदर तोंडात धरून इतकी हसली की खाली बसली. म्हणाली, "दोगं बी येडे." आणि बसल्या जागी रडायला लागली.

पुढं गावात मला खांद्याला बोलवायला लागले. सगळ्यांनी नाही, पण बोलवायला लागले. विसाव्यापासून पुढं मी पाठमोरा, ही गावाला सवय झाली. नव्या सोयरिकीतली माणसं विचारायची, तुमच्याकडं अशी रीत आहे का? गाव म्हणायचं, आहे.

ही गेली तेव्हा मसणवाट्याची वाट राहिली नव्हती. टेकडीची कड कापून पंचायतीनं तिथं सिमेंटचा रस्ता केला आहे, एकदम सपाट. इकडून गेलं काय, तिकडून आलं काय, उलटं चाललं काय आणि सुलटं चाललं काय. थोरला पोरगा म्हणाला, "आबा, तुम्ही गाडीत बसा. रस्ता आता तसला न्हाई. तिरडी हलंल."

मी त्याला बाजूला केलं आणि खांदा दिला. हलली. पहिल्या पावलापासून हलली. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, हलतंय!"

हलू द्या, म्हणालो. तिला माझ्याबरोबर चालायची सवय आहे.